ऐकणाऱ्याने मोजायला शिकावे कसे? बालाजी घाट, बनारस येथून एक ऐतिहासिक मांडणी

१. प्रस्तावना

वापरकर्ता-अनुभव संशोधन, म्हणजे बोलीभाषेत यूएक्स संशोधन, या विषयाकडे येणारे बरेच विद्यार्थी समाजशास्त्र, मानसशास्त्र, भाषा किंवा कला शाखेतून येतात. त्यांना मुलाखत घेता येते, शांतपणे निरीक्षण करता येते, माणसाच्या बोलण्यामागचा अर्थ पकडता येतो. अशा संशोधनाला आपण गुणात्मक संशोधन म्हणतो. पण नोकरीच्या ठिकाणी लवकरच कोणीतरी विचारते, ‘हे तुम्हाला सहा लोकांनी सांगितले, एकूण किती लोकांना ही अडचण येते?’ इथे अनेकांची गाडी अडते. संख्यात्मक संशोधन हे आपले काम नव्हे, ते गणितवाल्यांचे, अशी समजूत मनात असते.

ही समजूत इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे, हा या पाठाचा हेतू आहे. आकडे चुकतात तेव्हा बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. मोजण्यापूर्वी जो साधा प्रश्न विचारायला हवा होता तो विचारलेला नसतो. आणि तसा प्रश्न विचारण्याची सवय गुणात्मक संशोधकाला आधीपासून असते. म्हणून त्याने संख्यात्मक कौशल्ये शिकणे म्हणजे परक्या घरात जाणे नव्हे. आपल्याच कामाचा उरलेला अर्धा भाग त्याला पुरा करायचा आहे. हे समजून घेण्यासाठी आपण बनारसच्या एका मराठी घाटावरून सुरुवात करू आणि तिथून दख्खनच्या खेड्यांत व शेवटी आजच्या मोबाइलच्या पडद्यापर्यंत येऊ.

२. बालाजी घाट आणि शेजारचा मोजणारा माणूस

बनारसच्या उत्तरेकडील घाटांवर मराठी नावे ओळीने भेटतात: शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट आणि पंचगंगा घाटाला लागून असलेला बालाजी घाट. बालाजी घाट पेशव्यांच्या काळातला. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला आल्या होत्या, आणि घाटाच्या बांधकामाचा काळही साधारण तोच सांगितला जातो. घाटाच्या वर बालाजीचे देऊळ आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ तरुणपणी याच देवळात सनईचा रियाज करत असत.

या घाटाच्या अगदी शेजारी, पंचगंगेवर, औरंगजेबाच्या काळातील मशीद आहे. तिचे उंच मिनार एकेकाळी लांबून दिसत. १८२० च्या दशकात या मिनारांच्या दुरुस्तीचे काम एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याने केले. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. पुढे १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यामुळे तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पण १८२० ते १८३० ही दहा वर्षे तो बनारसच्या टांकसाळीत नाण्यांतील धातूची शुद्धता तपासण्याचे काम करत होता.

प्रिन्सेप आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणाने. त्याला चित्रे काढायचा नाद होता. घाट, गल्ल्या, मिरवणुका, ग्रहणाच्या वेळची गर्दी हे सारे त्याने बारकाईने रेखाटले आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला बनारसच्या चित्रांचे संग्रह प्रसिद्ध केले. म्हणजे आजच्या भाषेत तो उत्तम क्षेत्र-निरीक्षक होता. त्याच माणसाने शहराचा नकाशा तयार केला, हवामानाच्या रोजच्या नोंदी ठेवल्या आणि १८२८-२९ मध्ये शहराची लोकगणना केली. पाहणे आणि मोजणे ही दोन माणसांची दोन कामे आहेत, असे त्याने मानले नाही.

३. एकाच शहराचे दोन आकडे

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बनारसची लोकसंख्या सुमारे ५ लाख ८२ हजार असल्याचे सांगितले जात होते. त्यासोबत घरांचाही आकडा दिला जाई: सुमारे १२ हजार दगड-विटांची पक्की घरे आणि १६ हजार मातीची घरे. हे आकडे भूगोलाच्या आणि प्रवासवर्णनांच्या पुस्तकांतून एकमेकांकडे जात राहिले.

प्रिन्सेपने मोहल्लावार नवी गणना करवून घेतली. तिचा तपशील १८३२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सतराव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्याला मिळालेली घरांची संख्या सुमारे ३० हजार होती आणि माणसे सुमारे १ लाख ८१ हजार.

इथे थांबा आणि कागद-पेन्सिल घ्या. जुन्या गणनेत २८ हजार घरे, नव्या गणनेत ३० हजार. घरांचे आकडे जवळपास सारखेच आहेत. मग माणसांच्या आकड्यात तिपटीहून अधिक फरक कसा पडला? भागाकार करून पाहा. ५ लाख ८२ हजार भागिले २८ हजार, म्हणजे घरामागे जवळजवळ २१ माणसे. १ लाख ८१ हजार भागिले ३० हजार, म्हणजे घरामागे ६ माणसे. सगळा फरक ‘एका घरात किती माणसे?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बनारसची पक्की हवेली डोळ्यांसमोर आणा. तीन-चार मजले, मधे चौक, भोवती सोपे आणि खोल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटणार की आत पन्नास माणसे तरी असतील. पण एक मजला देवाचा असेल, एक खोली फक्त यात्रेकरू आले की उघडत असेल, आणि मालक गावी जाऊन हवेलीत एकटी विधवा बहीण राहत असेल. हे फक्त दारातून आत जाऊन, घरातल्याशी बोलूनच कळते. ज्याने आत न जाता उंचीवरून अंदाज बांधला त्याची बेरीज बरोबर आली तरी उत्तर चुकणारच.

प्रिन्सेपचा आकडाही डोळे मिटून खरा मानायचे कारण नाही. घरामागे बरोबर ६ ही सरासरी कशी आली, हे विचारलेच पाहिजे. पण पुढचा इतिहास त्याच्या बाजूने बोलतो. १९०१ च्या जनगणनेत बनारसची लोकसंख्या सुमारे २ लाख ९ हजार भरली. शंभर वर्षांपूर्वी हे शहर त्याच्या पावणेतीनपट मोठे होते असे मानणे अवघड आहे.

यातून पहिला धडा घ्या. एखादा आकडा समोर आला की तो कोणत्या दोन-तीन आकड्यांच्या गुणाकारातून आला आहे, ते आधी सोडवून पाहा. गुणाकारातला जो आकडा कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, फक्त गृहीत धरला आहे, तिथे संशोधनाची जागा आहे.

४. मोजणीची भीती: १८१० चा घरकर

बनारसमध्ये घरे मोजणे ही निरुपद्रवी गोष्ट नव्हती. १८१० मध्ये कंपनी सरकारने घरांवर कर बसवण्याचा कायदा केला. त्या वर्षाच्या अखेरीस बनारसच्या लोकांनी दुकाने बंद ठेवली, घरे सोडली आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत धरणे धरून बसले. सर्व जातींचे आणि धंद्यांचे लोक त्यात होते. अखेरीस सरकारला हा कर मागे घ्यावा लागला.

या घटनेनंतर अठरा वर्षांनी कोणी कागद घेऊन दारात उभा राहिला आणि ‘घरात किती माणसे?’ असे विचारू लागला, तर घरातल्याच्या मनात काय येईल, याचा विचार करा. उत्तर देणारा माणूस नेहमी दोन प्रश्नांचे उत्तर देत असतो. एक, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे. दुसरे, ‘हे माझ्याकडून का विचारत आहेत?’ या न विचारलेल्या प्रश्नाचे. प्रश्नावलीत पहिलेच उत्तर दिसते. दुसरे फक्त बोलता-बोलता हाती लागते.

म्हणून तुम्ही शंभर किंवा हजार लोकांना प्रश्नावली पाठवण्यापूर्वी पाच-सहा लोकांशी बसून बोला. त्यांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि त्यांनी त्याचा काय अर्थ लावला ते विचारा. हे मुलाखत घेण्याचेच काम आहे. ते तुम्हाला येते, फक्त आता ते आकड्यांच्या आधी करायचे आहे.

५. दख्खनचे खेडे: एकक कोणते?

बनारसमध्ये ‘घर’ या शब्दाने घोटाळा केला. हाच प्रश्न महाराष्ट्रात जमिनीच्या बाबतीत उभा राहिला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. तो १९१७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. नंतर जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा अभ्यास त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह केला. तो १९२१ मध्ये आला.

मान यांनी दाखवून दिले की १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते आणि १९१४-१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते. हा आकडा गंभीर आहेच. पण गोष्ट त्यावर संपत नव्हती. एका खातेदाराची जमीन एकाच जागी नव्हती. वाटण्या होत होत तिचे तुकडे पडले होते. गावात १५६ खातेदार होते आणि जमिनीचे तुकडे होते ७२९. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान आणि ११२ तुकडे पाव एकराहून लहान होते.

इथे पुन्हा भागाकार करा. ७२९ भागिले १५६, म्हणजे प्रत्येक खातेदाराचे सरासरी चार-पाच तुकडे. ४६३ म्हणजे एकूण तुकड्यांच्या सुमारे ६४ टक्के. आता प्रश्न असा की शेतकऱ्याची अडचण कोणत्या आकड्यात दिसते? खातेदार हे एकक धरले तर ७ एकर दिसतात. तुकडा हे एकक धरले तर बहुतांश तुकडे एका एकराच्या आतले दिसतात. एकाच्या बांधावरून दुसऱ्याकडे बैल घेऊन जाणे, विहीर कुठे खणावी हे न ठरणे, बांधावरून भांडणे होणे, हे सारे दुसऱ्या आकड्यात आहे. ते कोणाला सुचेल? जो गावात फिरला आहे, त्याला.

दुसरा धडा असा: एकक निवडणे हे गणिताच्या आधीचे काम आहे, आणि ते माणसांचे जगणे पाहूनच करावे लागते.

६. कडेची रोपे: मापनातील कल

तिसरे उदाहरण पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकले आणि परत येऊन देशातील शेती-पाहणीच्या कामाला लागले. देशात धान्य किती पिकणार, हा १९४० च्या दशकातला जीवन-मरणाचा प्रश्न होता. बंगालचा १९४३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. सगळी शेते कापून वजन करणे शक्य नसते, म्हणून काही शेते निवडायची, त्यात एक छोटा चौकोन किंवा वर्तुळ आखायचे, तेवढेच पीक कापून वजन करायचे, अशी पद्धत वापरली जात होती.

हा आखलेला तुकडा केवढा असावा? लहान तुकडा स्वस्त पडतो, काम पटकन होते. पण लहान तुकड्यांवरून काढलेला अंदाज खऱ्या पिकापेक्षा जास्त येतो, असे सुखात्मे यांनी मोठ्या तुकड्यांशी तुलना करून दाखवले. त्यांचे हे निरीक्षण १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कारण समजायला सोपे आहे. आखलेल्या रेषेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस ती नकळत आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा भाग जास्त, आणि तितकी चूक मोठी.

ही चूक जास्त शेते निवडल्याने कमी होत नाही, हे नीट लक्षात घ्या. दहा शेतांऐवजी दहा हजार शेते कापली तरी प्रत्येक कापणारा कडेची रोपे आत ओढणारच. अशा एकाच दिशेला जाणाऱ्या चुकीला मापनातील कल म्हणतात. नमुना मोठा केला की नशिबाने येणारा चढ-उतार कमी होतो, कल तसाच राहतो. तो शोधण्यासाठी शेतात उभे राहून, कापणाऱ्याचा हात कसा चालतो हे पाहावे लागते.

७. दोन्ही वाटांवर चालणाऱ्या इरावती कर्वे

एकाच संशोधकाने दोन्ही पद्धती खरोखरच आत्मसात कराव्यात का? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ काम केलेल्या इरावती कर्वे यांचे उदाहरण याला उत्तर देते. बर्लिनला त्यांचा पीएच. डी.चा विषय मोजमापाचा होता: मानवी कवट्यांची मापे. महाराष्ट्रात त्यांनी वेगवेगळ्या समाजगटांतील लोकांची शारीरिक मापे घेतली. त्याच इरावतीबाई पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालल्या आणि सोबत चालणाऱ्यांच्या वागण्या-बोलण्याविषयी त्यांनी लिहिले. एकाच वाटेवर, एकाच देवाकडे चाललेली माणसेही जातीनुसार वेगळी जेवतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

पुढे १९६३ मध्ये य. भा. दामले यांच्यासह त्यांनी खेड्यातील गटांच्या परस्परसंबंधांवर पुस्तक लिहिले. त्यात प्रश्नावली आणि तिच्यावरची आकडेवारी आहे. वारीत चालताना दिसलेली गोष्ट आणि प्रश्नावलीत विचारलेली गोष्ट यांत अंतर असले तरी प्रश्न एकच आहे: जवळ राहणारी माणसे एकमेकांच्या किती जवळ येतात? पाहिलेल्या गोष्टीतून मोजण्याजोगा प्रश्न तयार होतो आणि मोजलेला आकडा पुन्हा पाहायला पाठवतो. अशी ये-जा करणारा संशोधक दोन्ही बाजूंनी सावध राहतो.

८. पडद्यासमोरचा माणूस

वस्तू वापरणाऱ्या माणसाचे मोजमाप हीसुद्धा आता जुनी परंपरा आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी दाखवले की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि रुंदीवर अवलंबून असतो. पडद्यावरचे बटण केवढे असावे याचा विचार आजही तिथून सुरू होतो. १९८६ मध्ये जॉन ब्रुक यांनी दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. वापरणारा प्रत्येक विधानाला पाचपैकी एक पर्याय देतो आणि शेवटी ० ते १०० मधील गुण मिळतो.

१९९३ मध्ये जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी एक सूत्र मांडले. एखादी अडचण एका वापरकर्त्याला येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के असेल, तर पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी निदान एकदा दिसतात. यावरून ‘पाच जण पुरे’ असे सरसकट म्हटले जाऊ लागले. पण बनारसचा धडा आठवा: गृहीत धरलेला आकडा कोणता? तो ३१ टक्के हा आहे. अडचण दहा जणांत एकालाच येत असेल तर पाच जणांच्या चाचणीत ती दिसण्याची शक्यता फक्त सुमारे ४१ टक्के राहते. शिवाय हे सूत्र अडचण सापडण्याविषयी बोलते. ती किती लोकांना येते, याविषयी ते काहीच सांगत नाही.

९. शिकण्याचा क्रम: घाटावरचे एक उदाहरण

समजा, बालाजी घाटाजवळ नावेचे तिकीट मोबाइलवर काढण्याची सोय झाली आहे, आणि ती चांगली चालली तर तिकीट खिडकी बंद करावी असा विचार आहे. हे उदाहरण कल्पित आहे. तुम्ही त्यावर काम करणारे गुणात्मक संशोधक आहात. कोणती कौशल्ये कोणत्या क्रमाने शिकाल?

पहिले, एकक ठरवा. परभणीहून आलेल्या बारा जणांच्या यात्रेत फोन एकट्या भाच्याकडे आहे. तो सगळ्यांची तिकिटे काढतो. नोंदीत दिसते: एक वापरकर्ता, एक यशस्वी व्यवहार. सोबतच्या अकरा जणांना ते जमले असते का, हे कुठेच नोंदले जात नाही. फोन म्हणजे माणूस नव्हे, जशी हवेलीची उंची म्हणजे माणसांची संख्या नव्हे.

दुसरे, सांकेतिकीकरणाचा मेळ तपासायला शिका. हे तुमच्या सवयीच्या सर्वांत जवळचे आहे. दोघांनी मिळून ५० जणांना तिकीट काढताना पाहा आणि प्रत्येकापुढे ‘अडखळला’ किंवा ‘अडखळला नाही’ अशी स्वतंत्र नोंद करा. ४० वेळा नोंद जुळली तर मेळ ८० टक्के. पण दोघांनीही निम्म्या लोकांना ‘अडखळला’ म्हटले असेल, तर केवळ योगायोगानेही ५० टक्के मेळ बसला असता. ८० मधून ५० वजा करा, ३० उरतात. जास्तीत जास्त ५० उरू शकले असते. ३० भागिले ५० म्हणजे ०.६. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कापा गुणांक तो हाच. मेळ कमी आला तर ‘अडखळणे’ या शब्दाची व्याख्याच पुन्हा लिहा.

तिसरे, मध्य आणि मध्यक यांतला फरक अंगवळणी पाडा. पाच जणांना तिकीट काढायला ४०, ४५, ५०, ५५ आणि ३१० सेकंद लागले. मध्य, म्हणजे सरासरी, १०० सेकंद. मध्यक ५० सेकंद. पाचांपैकी कोणालाही १०० सेकंदांच्या आसपास वेळ लागलेला नाही. मध्यक बहुतेकांचा अनुभव सांगतो. आणि ३१० सेकंद लागलेली व्यक्ती? तिला टाकून देऊ नका. तिची मुलाखत घ्या. कदाचित खिडकी बंद झाल्यावर सर्वाधिक नुकसान तिचेच होणार आहे.

चौथे, आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता सांगा. दहापैकी आठ जणांना तिकीट काढता आले. ‘८० टक्के यश’ असे लिहिण्याचा मोह होईल. लहान नमुन्यासाठी एक सोपी रीत आहे: यशस्वी संख्येत २ आणि एकूण संख्येत ४ मिळवा. १० भागिले १४, म्हणजे सुमारे ७१ टक्के. त्याभोवती ९५ टक्के विश्वासाचा पट्टा काढला तर तो साधारण ४८ ते ९५ टक्के येतो. म्हणजे खरे प्रमाण निम्म्याहून कमीही असू शकते. नमुना वाढवला की पट्टा अरुंद होतो, पण हळूहळू: १०० जणांत तो साधारण दहा टक्के इकडे-तिकडे असतो आणि पाच टक्क्यांवर आणायला ४०० जण लागतात.

पाचवे, नमुन्यात कोण आले नाही ते विचारा. तुम्ही सकाळी नऊला घाटावर गेलात तर पहाटे स्नान करून गेलेले यात्रेकरू तुम्हाला भेटलेच नाहीत. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झालेली जनगणना देशभर एकाच रात्रीची ठेवण्यामागे हाच विचार होता: फिरता माणूस दोनदा मोजला जाऊ नये आणि सुटूही नये.

सहावे, कल शोधा. चाचणीच्या वेळी तुम्ही शेजारी उभे राहून नकळत मान डोलावता, आणि समोरच्याला ‘बरोबर चाललंय’ असे कळते. ही तुमची कडेची रोपे आहेत.

या सहा गोष्टींसाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. कागद, साधे स्प्रेडशीट आणि शाळेत शिकलेले गणित पुरते. यांत हात बसल्यावर मग परिकल्पना-परीक्षण, सहसंबंध, समाश्रयण यांकडे वळा.

१०. समारोप

बनारसचा ५ लाख ८२ हजारांचा आकडा पुस्तकांत टिकून राहिला, कारण तो मोठा होता, छापील होता आणि त्याला कोणी ‘घरामागे किती?’ असे विचारले नाही. आज अशाच एखाद्या आकड्यावर तिकीट खिडकी बंद होते, एखादी भाषा पडद्यावरून काढली जाते, एखादा अर्ज फक्त ऑनलाइन होतो. त्या बैठकीत मुलाखती घेणारा संशोधक गप्प बसला, तर दारातून आत गेलेला एकमेव माणूस गप्प बसला असे होईल. आणि तो फक्त गोष्टी सांगत राहिला, तर त्या ऐकून पुढचा विषय घेतला जाईल. त्याला त्याच आकड्यांच्या भाषेत विचारता आले पाहिजे: हे एकक कोणी ठरवले, कोण सुटले, पट्टा किती रुंद आहे? त्यासाठी मोजायला शिकायचे आहे.

स्वाध्याय

१. बनारसच्या जुन्या आणि नव्या लोकगणनेतील फरकाचे कारण आकडेमोड करून तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘नमुना मोठा केला की चूक कमी होते’ हे विधान कोणत्या प्रकारच्या चुकीला लागू पडते व कोणत्या प्रकारच्या चुकीला नाही? पीक-कापणीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. एका मित्रासह तुमच्या गावच्या बसस्थानकावर, बँकेत किंवा महाविद्यालयाच्या खिडकीपाशी ३० जणांचे निरीक्षण करा. दोघांच्या स्वतंत्र नोंदींचा मेळ काढा. जिथे नोंद जुळली नाही तिथे तुम्ही दोघांनी काय वेगळे पाहिले, ते लिहा.

४. तुमच्या गावातील किंवा शहरातील असा एक आकडा शोधा, जो सर्व जण सांगतात. तो कोणत्या गृहीतकांच्या गुणाकारातून आला असावा, हे सोडवून दाखवा.